आधी तास मोजा, मग शहर निवडा

जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला येऊन दोन-तीन महिने झाले, की घरून तो फोन हमखास येतो. "युरोपात आहेस ना? मग पॅरिस बघितलंस का?" इथे आपण घर शोधतोय, पत्ता नोंदवतोय, बँकेच्या पत्रातला एकेक शब्द कोशात बघतोय, आणि तिकडे सगळ्यांना आपण रोज आयफेल टॉवरखाली चहा पितोय असं वाटतं. मग पहिली जोडून सुट्टी दिसली रे दिसली, की माणूस घाईघाईत मिळेल ते स्वस्त तिकीट काढून मोकळा होतो.

मीही तेच केलं होतं. तिकीट होतं एकोणीस युरोचं. त्यावर मोठ्या शहराचं नाव होतं, म्हणून मी बाकी काहीच वाचलं नाही. उतरल्यावर कळलं, की विमानतळ शहरापासून बसने दीड तासावर आहे, आणि आमच्या विमानासाठी थांबलेली बस आमच्याच डोळ्यांसमोरून भरून निघून गेली. पुढची पन्नास मिनिटांनी. पाऊस, बंद झालेलं उपाहारगृह, आणि पिशवीत आईने दिलेल्या दशम्या. त्या दशम्यांनी तेवढी लाज राखली. हॉटेलात पोचले तेव्हा रात्रीचे सव्वाबारा झाले होते आणि एकोणीस युरोच्या प्रवासाला बस-टॅक्सी धरून नव्वदच्या वर खर्च आला होता.

तेव्हापासून मी शहराचं नाव सर्वात शेवटी ठरवते. फ्रँकफुर्टजवळ राहून नऊ वर्षं झाली, ऑफिसात नवीन आलेली मुलं "ताई, चार दिवस आहेत, कुठे जाऊ?" विचारत येतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं जर्मनीतून निघण्याची आहेत, पण नेदरलँड्स किंवा बेल्जियममध्ये राहणाऱ्यांनाही हिशेब तोच.

पहिली पायरी: कागद

तुमच्याकडे जर्मनीचा वैध रेसिडेन्स परमिट किंवा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत (म्हणजे आपापसातल्या सीमांवर एरवी तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. रोमानिया आणि बल्गेरिया २०२५ च्या जानेवारीपासून पूर्णपणे आत आले. लंडन, एडिंबरा आणि डब्लिन मात्र यादीतून काढून टाका. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. डब्लिनच्या बाबतीत दरवर्षी कोणीतरी फसतं, कारण तिथे युरो चालतो आणि देश युरोपीय संघातही आहे.

शेंगेन म्हणजे तपासणीच नाही, असंही समजू नका. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. परतताना बसमध्ये किंवा रेल्वेत पोलीस चढतात आणि पासपोर्ट मागतात. पासपोर्ट आणि परमिट कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

परमिटचं नूतनीकरण अडकलं असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, त्यांनी तो उलगडून नीट वाचावा. त्यावर जर्मन निवास-कायद्याच्या कलम ८१ च्या कोणत्या उपकलमापुढे खूण आहे ते बघा. उपकलम ४ असेल तर जुन्या कार्डाबरोबर तो दाखवून बाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम ३ असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका. बर्लिन, ड्रेस्डेन, हाम्बुर्ग काही वाईट नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसते. आपल्या सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डामागे युरोपीय विम्याचं निळं कार्ड छापलेलं असतं. बहुतेक देशांत ते चालतं. पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांना, ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिक्टनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. कोपनहेगनला किंवा झुरिकला जाणार असाल तर प्रवासविमा वेगळा काढा. स्वित्झर्लंडमध्ये मोबाइलचं रोमिंगही बऱ्याच प्लॅनमध्ये मोफत नसतं. सीमा ओलांडण्याआधी डेटा बंद करा, नाहीतर फोंड्यूपेक्षा फोनचं बिल जास्त होईल.

दुसरी पायरी: तास

माझा सगळा जोर इथेच असतो. वहीचं मागचं पान उघडा आणि बेरीज-वजाबाकी मांडा.

समजा, शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून सुटलात आणि रविवारी रात्री बारापर्यंत घरी यायचंय. झाले ५४ तास. दोन रात्रींची झोप १६ तास. उरले ३८. आता लिस्बन घ्या. घर ते विमानतळ एक तास, आधी पोचायचे दोन, उड्डाण साधारण तीन, उतरल्यावर हॉटेलपर्यंत एक. जाऊन-येऊन चौदा. उरले २४, आणि त्यातही शुक्रवारची रात्र गेली प्रवासात, रविवारची दुपार गेली बॅग भरण्यात. लिस्बनचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे आहे, त्यामुळे जाताना एक तास पदरात पडतो आणि येताना तो निमूटपणे परत द्यावा लागतो.

आता फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग घ्या. फ्रँकफुर्टहून थेट रेल्वे दोन तासांच्या आत पोचते. दारातून दारापर्यंत तीन तास धरा, जाऊन-येऊन सहा. उरले ३२. शिवाय शहर एवढंसं, की त्याचा जुना भाग, नदीने वेढलेलं बेट, पायी पालथा घालता येतो. म्हणजे तास जास्त आणि बघायचं आवाक्यातलं.

म्हणून माझा ढोबळ नियम असा: दोन रात्री असतील तर दारातून दारापर्यंत चार-पाच तासांच्या पुढे जायचं नाही. तीन रात्री असतील तर सहा-सात चालतील. लिस्बन, अथेन्स, पोर्तो ही चार रात्रींची शहरं. ती दोन रात्रींत "करून येणारे" मला नेहमी भेटतात. त्यांच्याकडे फोटो भरपूर असतात, पण काय खाल्लंत असं विचारलं की विमानतळावरचं सँडविच आठवतं.

विमान घेत असाल तर शहराचं नाव नाही, विमानतळाचं नाव वाचा. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर. मिलानच्या नावाने विकलं जाणारं बेर्गामो सुमारे ५०. याउलट कोपनहेगनचा विमानतळ मेट्रोने शहराच्या मध्यापासून पंधरा मिनिटांवर, आणि मेट्रो रात्रभर चालू. व्हिएन्नाला साधी लोकल सुमारे पंचवीस मिनिटांत शहरात सोडते. तिच्या शेजारीच उभी असलेली जलद, महाग गाडी फार तर दहा मिनिटं वाचवते. लिस्बनची आणि अथेन्सची मेट्रो विमानतळाच्या आतच येते.

रेल्वेचा एक फायदा पैशात मोजता येत नाही: स्टेशन शहराच्या पोटात असतं. पॅरिस फ्रँकफुर्टहून चार तासांच्या आत, अ‍ॅमस्टरडॅम कोलोनहून अडीच-पावणेतीन तास, प्राग बर्लिनहून चार-सव्वाचार, साल्झबुर्ग म्युनिकहून दीड-दोन. ज्यांच्याकडे डॉइचलँड-टिकेट आहे (लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा देशभर चालणारा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो) त्यांना साल्झबुर्ग त्याच पासवर जमतं. स्ट्रासबुर्गसाठीही एक युक्ती आहे. त्या पासवर ऱ्हाइनकाठच्या केल गावापर्यंत जायचं आणि तिथून डी ट्रामचं साधं तिकीट काढून नदी ओलांडायची. ट्राम पुलावर चढते, खाली ऱ्हाइन, आणि दोन मिनिटांत पाट्या जर्मनमधून फ्रेंचमध्ये बदलतात. या सहलीतला तो माझा सर्वात लाडका क्षण आहे, आणि त्याला जेमतेम चहाएवढे पैसे पडतात.

जर्मन रेल्वे वेळेवर येईल असं मात्र गृहीत धरू नका. गाडी बदलायची असेल तर मध्ये चाळीस मिनिटं तरी ठेवा. स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं, पण मुक्कामाला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासाभराचा उशीर झाला तर पाव पैसे, दोन तासांचा झाला तर निम्मे परत मागता येतात. फॉर्म भरायचा कंटाळा करू नका.

तिसरी पायरी: तारीख

आपल्याकडे सुट्टी म्हटलं की बाजार फुललेला. इथे उलट. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. खरेदी करायची असेल तर व्हिएन्नात शनिवारीच उरका, किंवा प्रागला जा, तिथे रविवारीही दुकानं चालू असतात. अनेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट. अर्थात त्या दिवशी पंढरीच्या वारीएवढी गर्दी, फक्त वारीतली शिस्त नाही.

नाताळचं गणित तर नवख्या माणसाला नक्की चकवतं. डिसेंबरचे बाजार, दिवे, गरम पेयं हे सगळं बघायचं तर २० तारखेच्या आत जा. जर्मनीतले बहुतेक बाजार २३ ला आवरतात. २४ च्या दुपारपासून २६ पर्यंत सगळं सामसूम. आपण मात्र ऑफिसला सुट्टी आहे म्हणून नेमके २४ लाच निघतो आणि बंद दारांचे फोटो काढून येतो.

उजेडही मोजायचा. डिसेंबरात कोपनहेगनला दिवस जेमतेम सात तासांचा, दुपारी पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो. त्याच दिवसांत अथेन्सला साडेनऊ तास मिळतात. जूनमध्ये हेच कोपनहेगन साडेसतरा तासांचा दिवस देतं. तेव्हा तिथे जावं. स्पेनमधलं सेव्हिया म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातला मे समजा, चाळिशीच्या पुढे पारा सहज जातो. अथेन्सलाही उष्णतेची लाट आली की अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात. दक्षिणेकडे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, उत्तरेकडे जून ते ऑगस्ट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि त्या तारखांना गावात दुसरं काय आहे तेही बघा. म्युनिकला सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला की साध्या खोलीचे भाव आभाळाला टेकतात. फ्रँकफुर्टला ऑक्टोबरात पुस्तक-जत्रा, हानोव्हरला एप्रिलच्या सुमाराला औद्योगिक प्रदर्शन, तेव्हा तीच कथा.

चौथी पायरी: बरोबर कोण

एकटे असाल तर ही पायरी सोडून द्या, जिकडे मन जाईल तिकडे जा. आई-बाबा भारतातून आले असतील तर मात्र शहराचा चढ-उतार बघणं हे इतिहास वाचण्याहून महत्त्वाचं.

लिस्बनचं उदाहरण देते. आम्ही बाबांना घेऊन गेलो. तिथले पदपथ बोटभर रुंदीच्या पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या दगडांचे, नक्षी काढलेले. दिसायला रांगोळी. शंभर वर्षांच्या पावलांनी ते दगड इतके गुळगुळीत झालेत, की पावसाची एक सर आली आणि उतारावर बाबांचा बूट सरकला. भिंतीला धरून, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माझा खांदा, असे आम्ही ती गल्ली उतरलो. शंभर मीटरला वीस मिनिटं. शहर डोंगरांवर वसलेलं आहे हे मी वाचलं होतं. पण गुडघ्यांच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो, ते वाचलेलं नव्हतं. रबरी तळव्याचे बूट न्या आणि २८ नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये सकाळी लवकर चढा, नंतर पाय ठेवायला जागा नसते.

तरीही लिस्बनला जाच म्हणेन, विशेषतः गोव्याशी नातं असलेल्यांनी. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षं जिथून गोव्याचा कारभार चालला, ते हे गाव. तिथल्या बेलें भागातल्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची समाधी आहे. पणजीच्या फोंताइन्यशमध्ये पाहिलेल्या रंगीत फरशा इथे घराघराच्या भिंतींवर दिसतात. आणि चहा-कॉफीच्या दुकानात काचेमागे त्रिकोणी तळलेला पदार्थ दिसेल, नाव 'शमूसा'. हो, तोच. गोव्यातून गेलेला. आईने बोट दाखवून मागितला, मी वेळेवर विचारलं म्हणून बरं. आत खिमा होता.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर शाकाहारींसाठी. इटली आणि ग्रीसमध्ये काळजी नाही. ग्रीसमध्ये भात भरलेले टोमॅटो-मिरच्या आणि मोठ्या पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार भाजी मिळते, ती बघून घर आठवतं. व्हिएन्नात चीज घातलेल्या पिठाच्या गोळ्या आणि गोडाचे नाना प्रकार. प्रागमध्ये तळलेलं चीज, बुडापेस्टमध्ये लांगोश, म्हणजे आपल्या भटुऱ्याचा थोरला भाऊ, वर लसूण आणि साय. फसवतं ते सूप. नाव भाजीचं असलं तरी पाणी बऱ्याचदा मांसाचं असतं, म्हणून विचारा. स्ट्रासबुर्गची पातळ, कुरकुरीत फ्लामकुखेन डुकराच्या मांसाचे तुकडे घालूनच येते. न घालता मागितली तर देतात.

लहान मूल असेल तर एका दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. बाकी बागा, ट्राम आणि कबुतरं.

पाचवी पायरी: पूर्ण खर्च

तिकिटाची किंमत म्हणजे सहलीची किंमत नव्हे, हे माझ्या एकोणीस युरोंनी सिद्ध केलंच. बॅगेचे पैसे, विमानतळाची बस, खोली, शहराचा पर्यटक-कर, दोन वेळचं जेवण हे सगळं एका ओळीत मांडा आणि मग शहरांची तुलना करा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये खोलीवर साडेबारा टक्के पर्यटक-कर लागतो, आणि २०२६ पासून नेदरलँड्समध्ये हॉटेलांवरचा मूल्यवर्धित करही ९ वरून २१ टक्के झालाय. त्यापेक्षा शेजारच्या हार्लेममध्ये राहा, रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं, गाव देखणं, आणि रात्री शांत झोप लागते. व्हेनिसला वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी आलात तर प्रवेशशुल्क भरावं लागतं.

स्वस्त विमानांत फुकट बॅग म्हणजे सीटखाली मावणारी, शाळेच्या दप्तराएवढी. घरी टेपने मोजा, चाकांसकट. काही कंपन्या बिगर-युरोपीय पासपोर्टवाल्यांना सुरक्षातपासणीच्या आधी काउंटरवर कागद दाखवायला लावतात. तिकिटाखालची बारीक अक्षरं वाचा आणि त्यासाठी अर्धा तास जास्त धरा.

प्राग, बुडापेस्ट, वॉर्सा, कोपनहेगन इथे युरो नाही. एटीएम किंवा कार्डाचं मशीन विचारेल, "युरोमध्ये कापू की इथल्या चलनात?" दर वेळी इथलं चलन निवडा. युरो निवडला की मशीनवाला त्याच्या मनाचा भाव लावतो. बल्गेरियात मात्र २०२६ च्या जानेवारीपासून युरो आला आहे.

आता शहर

एवढं झाल्यावर यादीत आपोआप तीन-चार नावं उरतात. मग प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा, जिच्यासाठी तुम्ही तिथे जाताय. दहा नाहीत, एक. ती सुचत नसेल तर ते शहर तुमचं नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी फोटोंमधलं आहे.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला, तीन रात्री असतील तर, मी डोळे मिटून व्हिएन्ना सांगते. विमानतळ जवळ, शहर बऱ्यापैकी सपाट, ट्राम सगळीकडे, नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी (त्याची पहिली वाहिनी १८७३ ची), आणि कॉफीहाउसमध्ये एका कपावर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. चित्रांची आवड असेल तर कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात ब्रॉयगेलच्या चित्रांचं एक दालन आहे; त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे एकत्र नाहीत. ऑपेराला उभं राहण्याची स्वस्त तिकिटं मिळतात. संगीत कळत नसलं तरी एक अंक उभं राहून बघा.

दोन रात्री असतील तर स्ट्रासबुर्ग. १४२ मीटर उंचीचं तिथलं कॅथेड्रल १८७४ पर्यंत दोनशेहून अधिक वर्षं जगातली सर्वात उंच इमारत होती. आतल्या खगोलीय घड्याळातल्या बाहुल्या दुपारी साडेबाराला फिरतात, त्याचं तिकीट आधी घ्या. प्राग सुंदर आहे, पण चार्ल्स पूल सकाळी साडेसहाला बघायची तयारी असेल तरच जा. दहानंतर तिथे मूर्ती दिसत नाहीत, माणसांची डोकी दिसतात.

ती एक गोष्ट ठरली की तिचं तिकीट विमानाच्या तिकिटाआधी बघा. अ‍ॅमस्टरडॅमचं अ‍ॅन फ्रँकचं घर फक्त ऑनलाइन तिकिटावर बघता येतं, आणि ती तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी सुटतात; दिवाळीच्या रेल्वे आरक्षणासारखी झटक्यात जातात. अ‍ॅक्रोपोलिसला तासाची वेळ ठरवून प्रवेश, २०२५ च्या एप्रिलपासून ३० युरो. ग्रनादाचा अलांब्रा राजवाडा, मिलानमधलं लिओनार्दोचं 'लास्ट सपर', बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया चर्च, इथेही दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. क्रम असा ठेवा: आधी ऑफिसातली रजा मंजूर, मग त्या एका गोष्टीचं तिकीट, मग प्रवास, आणि शेवटी रद्द करता येईल अशी खोली.

परतीचं विमान मात्र रविवारी रात्री दहाचं घेऊ नका. ते साडेदहाला सुटतं, बाराच्या पुढे उतरतं, तोवर लोकल तासाला एक झालेली असते, आणि सोमवारी नऊला मीटिंग असते. दुपारी चार-पाचचं घ्या. घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावता येतो.